बियाण्याचा कोनाडा

सुखदेव. पन्नासहून अधिक वर्षांच्या संसारात हे नाव मी एकदाही तोंडाने घेतलं नाही. घरात "अहो" आणि चारचौघांत "मास्तर", एवढ्यावर निभावलं. त्यांना जाऊन सात महिने झाले. आता हाक मारली तरी कुणी "ओ" देणार नाही, म्हणून कागदावर का होईना, ते नाव लिहून पाहते आहे. मी हळू लिहिते. दिवसाला एक पान, कधी तेही नाही. पण आज सकाळपासून हात नुसता धावतो आहे, कारण आज त्या उन्हाळ्याचं लिहायचं आहे. मी वीस वर्षांची होते, सुखदेव चोवीस, लग्नाला पुरतं वर्षही झालेलं नव्हतं, आणि बाभुळगावच्या आमच्या दोन खोल्यांच्या टिनाच्या घरात माझ्या नावाने आयुष्यातलं पहिलं पत्र आलं होतं.

पत्र पोस्टमनने आत्यांच्या हातात दिलं. सासूबाईंना आमच्याकडे आत्या म्हणतात. आत्या अंगणात अंबाडीच्या काड्या सोलत बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि आमच्या वस्तीत तेव्हा पत्र आलं की कुणीतरी गेल्याचीच खबर असायची. त्या तशाच पदर सावरत चुलीपाशी आल्या. "काय वं पोरी, कोनाचं पत्र हाये हे? नेरची माही बहीण तं नाई ना गेली?" माझ्या हाताला ज्वारीचं पीठ लागलेलं होतं. लिफाफ्यावर माझं नाव टाइप केलेलं होतं, आणि त्या अक्षरांवर पीठ लागू नये म्हणून मी तो दोन कोपरांत धरून उभी राहिले. सुखदेव बाहेरून आले, त्यांनी लिफाफा फोडला, वाचला, आणि एकदम एवढ्या मोठ्याने ओरडले की चुलीजवळची मांजर उडी मारून कणगीवर गेली. "माय! हिचा नंबर लागला! यवतमाळले! हे मास्तरीण होऊन राह्यली, माय!"

तव्यावरची भाकर करपली. ती त्या दिवशी आम्ही तिघांनी ठेच्याबरोबर खाल्ली, आणि करपलेल्या भाकरीचा तो कडवट वास आला की मला आजही परीक्षेत पास झाल्यासारखं वाटतं.

पत्र मी त्या दुपारी बहुतेक वीसदा वाचलं असेल. अध्यापिका विद्यालयात दोन वर्षांचं शिक्षण, राहायला वसतिगृह, सोबत आणायच्या वस्तूंची यादी: एक पेटी, एक सतरंजी, एक कंदील. सुखदेव स्वतः शिक्षक होते. रोज सायकलने पाच मैलांवरच्या खेड्यात शिकवायला जायचे. माझा अर्ज त्यांनीच भरला होता. आत्यांना त्यांनी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, पण वाचताना एक ओळ गाळली. ती ओळ मी नंतर माझ्या डोळ्यांनी वाचली. शिक्षण चालू असताना जी विद्यार्थिनी गरोदर राहील, तिचं नाव कमी करण्यात येईल आणि पुन्हा प्रवेश मिळणार नाही.

आत्यांना ती ओळ न सांगण्याचं कारण होतं. त्या माउलीचे डोळे माझ्या पोटाकडेच लागलेले असायचे. आम्ही दोघी पाण्याला गेलो की बाया मला विचारायच्या, "काय वं सुखदेवची, काई बातमी?" आणि आत्या घरी येऊन मुकाट्याने माझ्या ताटात जास्तीचं तूप वाढायच्या. यवतमाळचं ऐकून त्या आनंदल्या खऱ्या, पण दुसऱ्याच दमात म्हणाल्या, "दोन साल? मंग पोरगं कवा होईन तुले?" सुखदेव म्हणाले, "होईन माय, पयले शिकू दे." आत्यांनी अंबाडीच्या काड्या जरा जोरात मोडल्या.

त्या दिवसांत गावातल्या भिंतींवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण नुकताच दिसू लागला होता. सरकारी दवाखान्यात एक नर्सबाई रबरी पाकिटं फुकट वाटतात, असं पुरुष एकमेकांच्या कानात सांगायचे आणि खिदळायचे. कंडोम हा शब्द आम्ही दोघांनीही ऐकला नव्हता. नर्सबाई त्याला रबर म्हणायच्या, गावातले टवाळ फुगा म्हणायचे. सुखदेव शाळेत दोनशे पोरांसमोर उभं राहून कविता म्हणून दाखवायचे, पण दवाखान्याच्या खिडकीपाशी जायला त्यांना तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी खोकल्याचं औषध घेऊन परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा खोकल्याचंच. तिसऱ्या दिवशी गेले ते टोपी कपाळावर ओढून, आणि आले ते घामाघूम. शर्टाच्या आतून बारा पाकिटं आणि एक घडी घातलेला कागद काढला.

"काय सांगितलं बाईंनी?" मी विचारलं.

"लय काई सांगून राह्यल्या होत्या."

"मग?"

"म्या ऐकलंच नाई. मांगं आमच्या शाळेचा चपराशी उभा होता."

त्या कागदावर चार चित्रं होती, आणि छपाई इतकी पुसट की कुठलं चित्र कुठल्या बाजूने पाहायचं तेच कळेना. आम्ही दोघं शिकलेले, नवरा मास्तर, बायको मास्तरीण होणार, आणि खाटेवर बसून तो कागद उलटा-सुलटा करत हसून हसून आमची पोटं दुखली. मी या वयात हे असं लिहिते म्हणून कुणाला वावगं वाटेल. वाटू दे. माणूस गेल्यावर लोक त्याचे गुण सांगतात, प्रामाणिक होता, शांत होता. माझ्या नवऱ्याचं मला सर्वांत आधी आठवतं ते हसणं, तोंडावर पालथा हात धरून, खांदे हलवत हसणं.

आता पाकिटं ठेवायची कुठे? दोन खोल्यांच्या घरात आत्यांचा हात फिरत नाही अशी जागा नव्हती. कणगी त्यांची, फडताळ त्यांचं. बुद्धांच्या तसबिरीमागे जागा होती, पण तिथं मला धीर झाला नाही. उत्तरेच्या जाड मातीच्या भिंतीत एक कोनाडा होता. बाकी घर पुढे टिनाचं झालं, पण ती एक भिंत सुखदेवांच्या आजोबांच्या हातची, हातभर जाडीची. त्या कोनाड्यात पूर्वी देव असत. दीक्षा घेतली त्या साली आत्यांनी स्वतः ते देव उचलून नदीत सोडले, आणि रिकाम्या कोनाड्यात आपलं बियाणं ठेवायला सुरुवात केली. वाळक्या भोपळ्याच्या पोटात अंबाडीचं बी, राख घातलेल्या मडक्यात वालाचं, चिंधीत बांधलेलं काकडीचं. त्या कोनाड्याला त्यांच्याखेरीज कुणी हात लावायचा नाही. माझा ओला हात तर त्याच्या आसपासही चालत नसे.

शेवटी सुखदेवांनी माझी लग्नातली पत्र्याची पेटी शोधून काढली. ती चुलीच्या वरच्या अंगाला, थेट टिनाखाली, दोन लाकडी बल्ल्यांवर ठेवलेली होती. आत्यांचे गुडघे धरलेले, त्या काही तिथवर चढणार नव्हत्या. पाकिटं पेटीत, माझ्या शालूच्या घडीत गेली, आणि आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला. वैशाखातली ती टिनं दुपारी अशी तापायची की त्यांच्याखाली उभं राहिलं तर टाळू चटकायची. संध्याकाळी ती निवायला लागली की कुणी वरून खडे टाकतंय असा टक् टक् आवाज यायचा. त्या आवाजात आम्ही जेवायचो, वंदना म्हणायचो, यवतमाळची स्वप्नं पाहायचो. त्या टिनाखाली काय शिजतंय हे आमच्या डोक्यातही आलं नाही.

दुसरी चूक सर्वस्वी माझी. ते रबर कोरडं होतं, चढायला अडायचं. मी बांगड्यांचा विचार केला. कासार हातात बांगडी चढवताना काय करतो? तेल लावतो. आमच्याकडे सरकीचं तेल बाटलीभर असायचं. "थोडं तेल लावून पाहा ना," मी म्हटलं, आणि सुखदेवांनी माझ्या हुशारीचं कौतुक केलं. हे सगळं लिहिताना आजही कानाच्या पाळ्या गरम होतात, पण हसूही येतं.

वैशाखाच्या शेवटी आत्या नेरला बहिणीच्या मुलीच्या लग्नाला गेल्या. तीन दिवस घर आमचं. मी कैऱ्यांचं पन्हं केलं, सुखदेवांनी बाजारातून खरबूज आणलं, दुपारी दार लावून आम्ही मनसोक्त मोठ्याने बोललो. आणि त्याच तिसऱ्या दुपारी ते रबर फाटलं. कडेपासून टोकापर्यंत, भिजलेला पतंगाचा कागद फाटावा तसं.  टिनं तापून कडकडत होती. सुखदेवांनी ते बोटांत धरून ताणलं, तर ते ताणलंच गेलं नाही, त्याचा चिकट तुकडा पडला. "असं कसं झालं?" ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. मी मनातल्या मनात दिवस मोजत होते. विद्यालय सुरू व्हायला चार आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी सुखदेव आत्यांना आणायला एसटी स्टँडवर गेले, आणि मी त्यांची सायकल ढकलत रस्त्यापलीकडे युसूफचाचांच्या सायकलच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे एक टपरी, पुढे बाभळीच्या खांबांवर ताणलेलं पोतं, पाण्याचं घमेलं आणि एक पंप. त्या पंपाच्या फुस्सफुस्स आवाजावर आमची सकाळ सुरू व्हायची. चाचा साठीचे, दाढी मेंदीने लाल केलेली, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा. सुखदेवांच्या वडिलांचे ते दोस्त. मी सून म्हणून आले तेव्हापासून मला बेटी म्हणायचे. गावात रबर ओळखणारा माणूस कोण, असा मी रात्रभर विचार केला होता. उत्तर सोपं होतं. विचारणं अवघड होतं.

"चाचा," मी म्हटलं, "नवा कोरा रबर घरात ठेवल्या ठेवल्या खराब होतो का?"

"क्यूं नही होता? मास्तरनं ट्यूब आणून ठेवला काय घरी?"

"ट्यूब नाही. रबराची दुसरी वस्तू आहे."

चाचांचा हात पंक्चरच्या पॅचवर थांबला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा पाहिलं, मग दवाखान्याच्या भिंतीवरच्या लाल त्रिकोणाकडे पाहिलं. तो त्यांच्या टपरीतून सरळ समोर दिसायचा. मग पुन्हा मान खाली घालून ते पॅच घासू लागले. त्यानंतर त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहिले.

"ठेवला कुठं होता?"

"पत्र्याच्या पेटीत. टिनाखाली."

"या अल्ला. अन् तेलबिल?"

"लावलं. सरकीचं."

"बेटी," चाचा पॅचला सांगितल्यासारखं बोलले, "रबर जिंदा चीज हाये. त्याले गर्मी बाधते, उजेड बाधतो, अन् तेल तं त्याचं जहर. तेल लागलं की रबर आतून सडते, वरून दिसत नाई. घडी पाडली की घडीवर फाटते. हे पाय." त्यांनी बाकड्याखालची लाकडी पेटी ओढली. आत नवे ट्यूब, शंखजिऱ्याची पांढरी पूड लावलेले, कागदात सैल गुंडाळलेले. पेटीच्या दोन्ही अंगांना ओलं पोतं टांगलेलं, पण पेटीला त्याचा स्पर्श नाही. "थंडं, सुखं, अंधारं. सुखं म्हंजे कोरडं. तीन गोष्टी. माह्या वालिदनं मले शिकवल्या. अन् एक चौथी. शंका आली तं पानी भरून पाय. रबर झूट बोलन, पानी नाई बोलत."

मी निघाले तेव्हा ते मागून म्हणाले, "अन् दवाखान्यातली बाई चांगली हाये. तिले इचार. पोटचं इचाराले शरम कायची?"

मी घरी धावतच आले. पेटी खाली काढली. पाकिटं उरली होती आठ. शालूची घडी उघडली तर तव्यावरून उतरवल्यासारखी गरम. न्हाणीच्या दगडावर बसून एक फोडलं, तांब्याने पाणी भरलं, वर धरलं. क्षणभर काही झालं नाही. मग त्या फुगलेल्या पांढऱ्या अंगावर मोहरीएवढे थेंब उमटले, एक, दोन, सात. याला तर तेलही लागलेलं नव्हतं. नुसत्या टिनाच्या तापाने झालं होतं. म्हणजे आधीची जी फाटली नव्हती, त्यांचाही भरवसा नव्हता.  आणि तरी, खरं सांगते, त्या भीतीत एक विलक्षण उत्साह होता. मला कळलं होतं! एखाद्या गणिताचं उत्तर चुकलंय हे कळावं आणि कुठल्या पायरीवर चुकलं तेही दिसावं, तसं. आठही पाकिटं मी परसात खड्डा करून पुरली आणि तशीच ओल्या पदराने दवाखान्यात गेले.

नर्सबाई नागपूरकडच्या होत्या, जाड्या, घामाने डबडबलेल्या, पण जिभेने चटपटीत. मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "तेल! माझ्या बाई, तेल! आणि तुमचे मिस्टर म्हणजे ते खोकल्यावाले मास्तर ना? मी बोलत होते आणि ते पळत होते." मग दार लोटून घेतलं आणि स्वतःची दोन बोटं पुढे करून मला शिकवलं. पाकीट बोटांनी हलकेच फाडायचं, दाताने, नखाने नाही. आतलं चिकट किंवा कडक वाटलं तर फेकायचं. टोक चिमटीत धरून त्यातली हवा काढायची, मग मुळापर्यंत उलगडायचं, आणि जवळ येण्याच्या आधीच, मधूनच नाही. झाल्यावर कड धरून लगेच बाहेर काढायचं. एक एकदाच. धुऊन पुन्हा वापरायचं नाही. कागदात गुंडाळून पुरायचं. अडलं तर पाणी चालतं, तेल, तूप, लोणी काही नाही. "आणि हे नुसतं पोरासाठी नाही हं," त्या म्हणाल्या, "वाईट आजारापासूनही राखतं. तुमच्या मिस्टरांना म्हणावं, यात लाजायचं काही नाही." मग नवी पाकिटं त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "जे झालं त्याला आता वाट पाहण्याखेरीज इलाज नाही. पण पुढचं तरी नीट करा."

थंडं, सुखं, अंधारं. दवाखान्यातून येताना मी हे तीन शब्द पाढ्यासारखे म्हणत होते, आणि दारात पाऊल टाकताच थबकले. अशी जागा आमच्या घरात एकच होती. मला ती रोज दिसत होती.

आत्या नेरहून आल्या होत्या, लग्नाचे लाडू डब्यात भरत होत्या. सुखदेव माझा चेहरा पाहूनच उठून उभे राहिले. मी त्यांना डोळ्यांनीच बसा म्हटलं. आत्यांसमोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं, पत्रातल्या गाळलेल्या ओळीपासून परसातल्या खड्ड्यापर्यंत. सांगताना मी जमिनीकडे पाहत होते. सुखदेव मध्येच "माय, चूक माही हाये" म्हणाले, तर आत्यांनी त्यांना हाताने गप्प केलं. शेवटी मी पाकिटं पदरातून काढून जमिनीवर ठेवली. "आत्या, याला कोनाड्यासारखी जागा लागते. विचारल्याशिवाय मी तिथं हात लावणार नाही."

आत्यांनी एक पाकीट उचललं. उलटं-सुलटं केलं, नाकाशी नेलं. मला वाटलं आता त्या ते माझ्या अंगावर फेकतील.

"एवढूसंच असते हे?" त्या म्हणाल्या.

"हो आत्या."

"मले अकरा झाले. चार जगले. शेवटच्याच्या वक्ताले दाई मने, बाई, आता पुढं होऊ देऊ नोको, मरशीन. कसं होऊ देऊ नोको, ते तिले बी ठाऊक नाई अन् मले बी नाई." पाकीट त्यांच्या तळहातावर होतं, आणि तो तळहात कापूस वेचून वेचून चिरलेला होता. "मंग हे माह्या वक्ताले काहून नाई आलं वं?"

 आत्या उठल्या. गुडघ्यावर हात टेकत कोनाड्यापाशी गेल्या, भोपळा एका अंगाला सरकवला, फुंकर मारून धूळ उडवली. "आन इकडे. हात कोरडे हाये ना?" मी हात लुगड्याला पुसले. पाकिटं मी लाकडाच्या एका डबीत घातली आणि डबी अंबाडीच्या बियांशेजारी ठेवली. आत्या जरा वेळ दोन्हीकडे पाहत राहिल्या. "येथं ज्याची पेरनी अजून व्हाची हाये तेच ठेवतो मी," त्या म्हणाल्या. "राहू दे." मग वळून सुखदेवांवर डाफरल्या, "अन् तू रे! मास्तर मने! नर्सबाईचं ऐकाले कान नव्हते का तुले?"

दोन वर्षांनी माझा निकाल लागला, तेव्हा आत्यांनी ती डबी काढून माझ्या हातात दिली होती. "आता तुयं तू पाय. कवा ठेवाची, कवा काढाची. मी नाई इचारनार." त्यांनी खरंच कधी विचारलं नाही. आमची मुलगी झाली तेव्हा मी दोन वर्षं नोकरी केलेली बाई होते. पण हे नंतरचं. त्या ज्येष्ठात अजून काहीच ठरलेलं नव्हतं, आणि माझे दिवस मोजणं चालूच होतं.

पाळीची तारीख आली आणि गेली. एक दिवस, दोन, चार. आमच्या घरात दीक्षेनंतर बाजूला बसणं आत्यांनीच बंद केलेलं, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळत नसे. पण घरात तिघांच्याही कानात तेच वाजत होतं. सुखदेवांनी बाजारातून सतरंजी आणि कंदील आणला आणि गुपचूप खाटेखाली सारला. उघड ठेवायची त्यांना हिंमत होईना. आत्यांनी माझ्या ताटात तूप वाढायचं थांबवलं, मग एके दिवशी पुन्हा वाढलं, मग स्वतःलाच काहीतरी पुटपुटल्या. त्यांनाही कळत नव्हतं काय व्हावं असं आपल्याला वाटतं. मी मात्र पक्की होते. मला तो फळा हवा होता, तो खडू हवा होता, माझ्या नावामागे लागणारं "बाई" हवं होतं. मूलही हवं होतं, पण मी बोलावीन तेव्हा. सातव्या दिवशी पहाटे मी पत्र काढून पुन्हा वाचलं आणि म्हटलं, उद्यापर्यंत काही झालं नाही तर हे नर्सबाईंना नेऊन दाखवायचं.

आठव्या दिवशी सकाळी मिरच्या कुटताना ओटीपोटात ती ओळखीची कळ आली. मी मुसळ तसंच टाकून न्हाणीत गेले. बाहेर आले तेव्हा आत्या दारातच उभ्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि काही न विचारता खाली बसून मुसळ हातात घेतलं. "जाय," त्या म्हणाल्या. "सांग त्याले. उभा नाई राहत दोन दिसापासून एका जागी." आणि घाव घातला तो असा की उखळातली मिरची उडून माझ्या पायावर पडली.

सुखदेव चाचांच्या दुकानापुढे सायकलमध्ये हवा भरत होते. त्या आठ दिवसांत त्यांनी ती सायकल इतक्यांदा पुसली होती, की चाचा त्यांना "आओ दूल्हेराजा" म्हणायला लागले होते. मी रस्त्याच्या अलीकडे उभी. मधून बैलगाडी जात होती, दोन बाया डोक्यावर पाणी घेऊन जात होत्या. सुखदेवांनी मला पाहिलं, पण त्यांचे हात यंत्रासारखे पंपावर चालूच राहिले. नाव घेऊन ओरडावं असं इतकं मनात आलं की ते दाताशी येऊन थांबलं. नवऱ्याचं नाव, भर बाजारात! मी ते गिळलं.

"मास्तर!" मी ओरडले. "पेटी बांधायला घ्या! यवतमाळची!"

सुखदेवांना एक क्षण लागला. मग त्यांच्या तोंडावर ते हसू पसरत गेलं, पण हात थांबले नाहीत, उलट दुप्पट जोरात सुटले. खाली, वर, खाली, वर. चाचा चष्मा सावरत ओरडले, "अबे मास्तर, बस! बस कर! भर गया!" आणि धाडकन आवाज झाला. जवळच्या कापसाच्या जिनिंगच्या छपरावरची कबुतरं सगळीच्या सगळी उडाली, बैल बुजले, पाण्याच्या बाया किंचाळल्या. घरातून आत्या ओरडल्या, "काय फुटलं वं?"

"रबर की भी कोई हद होती है!" चाचा दोन्ही हात वर करून म्हणत होते. आणि सुखदेव फाटलेल्या ट्यूबशेजारी, पंपाचा दांडा हातात धरून, दुसरा पालथा हात तोंडावर ठेवून खांदे हलवत हसत होते. मीही रस्त्याच्या अलीकडे उभी राहून हसत होते.

आमच्यामध्ये एक रस्ता होता, आणि तोंडात ते न घेतलेलं नाव.

सुखदेव.